सरळ रेषेची झडती: सांगलीच्या अभ्यासगटाच्या प्रकल्प नोंदी

१ डिसेंबर २०२४

बाहेरच्यांनी आमच्या गटाकडे तपासायला पाठवलेल्या प्रस्तावांपैकी क्र. ४ तपासणीला घेतला. हाताने लिहिलेलं टिपण, आकृत्या स्वच्छ, अक्षर देखणं. मजकुरातून तीन विधानं वेगळी काढली:

(अ) निसर्गात सरळ रेषा कुठेही नाही. पुरावा म्हणून कृष्णेचं पात्र, क्षितिज, उसाचं कांडं, माणसाचं हाड.
(आ) म्हणून न्यूटनचा गतीचा पहिला नियम निराधार आहे.
(इ) प्रत्येक गतीत अंगभूत ‘वळणशक्ती’ असते, प्रकाशातही.

(अ) हे निरीक्षण आहे आणि बऱ्याच अंशी खरं आहे. (आ) ही मात्र उडी आहे. पहिला नियम कुठेतरी सरळ रेषा पडलेली आहे असं म्हणतच नाही. वाट वाकली तर वाकवणारं काहीतरी शोधा, एवढंच तो सांगतो. जगातली एकूण एक वाट वाकडी निघाली आणि प्रत्येक वाकाचं कारण हिशेबात बसलं, तर नियम पडत नाही, उलट भक्कम होतो. भौतिकशास्त्र म्हणून तपासण्यासारखं (इ) एवढंच.

८ डिसेंबर

वळणशक्तीचं सूत्र टिपणात ‘वस्तुमान गुणिले कोन’ असं आहे. कोनाला एकक नसतं, म्हणजे ही शक्ती किलोग्रॅममध्ये येते. पुढच्याच पानावर ती बलात मिळवली आहे, आणि बल न्यूटनमध्ये. किलो आणि न्यूटन यांची बेरीज होत नाही. बाहेरून आलेल्या प्रस्तावांपैकी बरेचसे इथेच अडतात, म्हणून एककांची तपासणी आम्ही सर्वांत आधी करतो. त्याला कागद-पेन्सिल पुरते. लेखकांना पत्र पाठवलं:

‘स. न. वि. वि. आपलं टिपण काळजीपूर्वक वाचलं. पुढे जाण्यासाठी तीन गोष्टी लागतील. एक, वळणशक्तीचं एकक. दोन, हवेतून १ किमी गेलेला प्रकाश आपल्या मते किती मिलिमीटर वळेल आणि कोणत्या दिशेला. तीन, कोणतं मोजमाप आलं तर आपण हे मत सोडून द्याल. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मोजणी सुरू होण्याआधी हवं. कळावे.’

१५ डिसेंबर

ताणलेली तार. ‘सरळ’ म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आधी तीच येते, आणि तंतुवाद्यं घडवणाऱ्या मिरजेत तारेची वानवा नाही.

०.३० मिमी व्यासाची पोलादी वाद्यतार, लांबी १० मी. एक टोक हुकाला, दुसरं बेअरिंगच्या कप्पीवरून खाली, त्याला ५ किलो वजन. तारेचं वजन मीटरमागे ०.५५५ ग्रॅम. झोळ (तार मधोमध किती खाली उतरते ते) = मीटरमागचं वजन × लांबीचा वर्ग ÷ (८ × ताण). उत्तर येतं १.३९ मिमी. १० किलो लावले की ०.६९ मिमी.

झोळ मोजायला पट्टी चालत नाही, कारण ती स्वतः सरळ आहे की नाही हाच तर प्रश्न आहे. म्हणून संदर्भ पाण्याचा घेतला. दोन टोकांना आणि मधोमध अशा तीन ताटल्या नळीने जोडल्या आणि पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं. मायक्रोमीटरच्या टोकाला सुई, ९ व्होल्टची बॅटरी, १ किलोओहमचा रोधक, एलईडी. सुई पाण्याला टेकली की दिवा लागतो, तारेला टेकली की पुन्हा लागतो. दोन वाचनांतला फरक म्हणजे तारेची उंची. (पाणीही पृथ्वीबरोबर वाकलेलंच असतं, पण १० मीटरमध्ये मधोमध २ मायक्रॉन. या मोजणीत ते दिसणारही नाही.)

काय बिघडतं: नळीत बुडबुडा राहिला तर तिन्ही ताटल्यांची पातळी जुळत नाही आणि अख्खा मिलिमीटर फुकट जातो. कप्पीच्या घर्षणाने ताण ५ किलोला पोचत नाही. वाचनाआधी तारेला टिचकी मारली की झोळ १.४८ वरून १.४१ वर येतो. रिळावरचा वळ ३ किलोच्या खाली जात नाही. दोन्ही टोकं पक्की बांधली तर दहा अंश तापमानवाढीला या तारेचा ताण १.७ न्यूटनने उतरतो. वजन टांगलेलं ठेवलं की हा प्रश्नच येत नाही. द्राक्षबागेच्या मांडवाच्या तारा उन्हाळ्यात सैल पडतात त्यामागे हेही एक कारण आहे.

आता तार तुटेपर्यंत ताणली तर? तुटण्याचा ताण २२०० मेगापास्कल धरला तर १० मीटरला ०.४४ मिमी झोळ तेव्हाही उरतो. यात जाडी येतच नाही. जाड तार जास्त वजन पेलते, पण तेवढीच जडही असते. म्हणजे आडवी तार सरळ कधीच होत नाही. (अ) ला आमचा पाठिंबा. फक्त किती वाकडी आणि का, हे आधीच सांगता येतं.

तानपुऱ्यावरची हीच तार ९० सेमी आणि सुमारे १३० हर्ट्झला लावलेली धरली तर झोळ ०.०१८ मिमी. तिथे सरळपणा कोणाला नकोच असतो. घोडीचा (तारा टेकतात त्या पट्टीचा) माथा मुद्दाम किंचित गोलसर घासलेला असतो, तार त्यावर टेकत-सुटत राहते आणि जवारी, म्हणजे तानपुऱ्याचा तो घुमणारा नाद, बोलते. कारागिराने हा माथा सपाट करून ठेवला तर वादक वाद्य परत पाठवेल.

२२ डिसेंबर

टिपणातला सर्वांत चांगला प्रश्न: ‘जगात सरळ काहीच नसेल तर तुमची पट्टी सरळ आहे हे तुम्ही कशावरून ठरवलं?’ याचं उत्तर कुपवाड एमआयडीसीतल्या टूलरूममध्ये रोज दिलं जातं.

ओतीव लोखंडाच्या तीन पट्ट्या, ३०० मिमी, नावं क, ख, ग. तिन्ही वाकड्या असल्या तरी चालतं. क ला ब्लूचा (खुणेच्या निळ्या रंगाचा) पातळ हात द्यायचा, ख त्यावर घासायची, जिथे निळं लागेल ते उंचवटे स्क्रेपरने खरवडायचे. क आणि ख तंतोतंत जुळल्या तरी काम झालेलं नाही. एक फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट असली तरी त्या जुळतात. म्हणून ख-ग, मग ग-क. क चा फुगवटा ख च्या खळग्याएवढा, ख चा ग च्या खळग्याएवढा, ग चा पुन्हा क च्या खळग्याएवढा, आणि हे तिन्ही एकदम खरं असायचं तर फुगवटा शून्यच असावा लागतो. ही तीन पृष्ठांची पद्धत जोसेफ व्हिटवर्थने एकोणिसाव्या शतकात कारखान्यांत रुजवली.

एक खोच आहे. पट्ट्या प्रत्येक वेळी टोकं उलटून जुळवल्या तर नागमोडी चूक, म्हणजे एक अर्धा भाग उंच आणि दुसरा तेवढाच खोल अशी, तिन्ही पट्ट्यांत एकसारखी लपून बसते आणि सगळ्या जोड्या छान जुळतात. त्यामुळे प्रत्येक जोडी टोकं बदलून दोन्ही प्रकारे बघायची. ब्लू जाड लागला तर खोलगट भागही रंगतो आणि चांगलं पृष्ठ खरवडलं जातं. पट्टी हातात धरून ठेवली तर तळव्याच्या उष्णतेने ती एका बाजूला फुगते, म्हणून वाचनाआधी बाकावर पडू द्यावी. शेवटी दोन कडा उजेडासमोर धरायच्या. दोन-तीन मायक्रॉनची फटही उजळ दिसते.

पूर्ण सरळ असं काहीही आधी हातात नसताना सरळपणा घडवता येतो. सुताराकडे मोठी फळी तपासायला हीच युक्ती असते, तीन फळ्या आणि रंधा.

२९ डिसेंबर

याच प्रश्नाचं दुसरं उत्तर: फक्त गोल फिरणाऱ्या दांड्यांतून सरळ रेषा. जेम्स वॉटची १७८४ ची दांड्यांची जोडणी जवळपास सरळ चाले. नेमकी सरळ रेषा फ्रान्सच्या पोसेलिएने १८६४ मध्ये दिली.

मापं (छिद्राच्या केंद्रापासून केंद्रापर्यंत): लांब दांडे २, प्रत्येकी २५ सेमी. समभुज चौकोनाचे दांडे ४, प्रत्येकी १० सेमी. फिरता दांडा १, १० सेमी. दोन स्थिर खिळ्यांमधलं अंतरही १० सेमी. मुख्य खिळ्यावर दोन्ही लांब दांडे, त्यांची दुसरी टोकं चौकोनाच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना. दुसऱ्या खिळ्यावर फिरता दांडा, त्याचं टोक चौकोनाच्या जवळच्या कोपऱ्याला. ३ मिमी जाड ॲक्रिलिक, ४ मिमीचे बोल्ट. चौकोनाच्या जवळच्या आणि दूरच्या कोपऱ्यांची मुख्य खिळ्यापासूनची अंतरं गुणली की नेहमी ६२५ − १०० = ५२५ येतात. जवळचा कोपरा मुख्य खिळ्यातून जाणाऱ्या वर्तुळावर फिरवला की दूरचा कोपरा खिळ्यापासून २६.२५ सेमीवर रेषा ओढतो. मधल्या ३० सेमीत ती वापरता येते, पुढे दांडे अडखळतात.

फिरता दांडा ७.५ सेमीचा घेऊ नका. तेव्हा रेषा ३५ सेमीवर जाते आणि २५ + १० चा हात तिथे जेमतेम एका बिंदूत पोचतो.

स्थिर खिळे १० ऐवजी ९.९ सेमीवर ठोकले तर काय होतं हेही करून पाहिलं. वर्तुळ मुख्य खिळा चुकवतं, रेषेऐवजी सुमारे २६ मीटर त्रिज्येचा कंस येतो, आणि ३० सेमीत मधोमध ०.४ मिमी वाक. कुपवाडच्या पट्टीला लावून पाहिलं की फिलर गेजमध्ये (फट मोजायच्या पातळ पात्यांत) तो मिळतो.

५ जानेवारी २०२५

स्फटिक. दख्खनच्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत मिळणाऱ्या स्कोलेसाइट या खनिजाच्या सुया डोळ्यांना अगदी सरळ दिसतात, सूक्ष्मदर्शकाखाली कडेला पायऱ्या दिसतात. अणूंच्या रांगा सरळ, पण सरासरीने. खोलीच्या तापमानाला प्रत्येक अणू आपल्या जागी थरथरतो, आणि रचनेत मधूनमधून चुकाही असतात. (अ) मधलं ‘कुठेही नाही’ इथे ढिलं पडतं. जास्त वेळ घालवण्यासारखं नाही.

१२ जानेवारी

दृष्टिरेषा. लेखकांचं उत्तर आलं. प्रकाश किती वळेल याचा आकडा नाही, पण ‘पहाटे आणि दुपारी बघा, प्रकाश वळलेला दिसेल’ असं आहे. ते खरं आहे, म्हणूनच इथे काळजी घ्यायला हवी.

जुना दाखला इंग्लंडमधल्या बेडफर्ड कालव्याचा. १८३८ मध्ये रोबोथमने पाण्यालगत डोळा ठेवून सहा मैलांवरची होडी शेवटपर्यंत पाहिली आणि पृथ्वी सपाट ठरवली. १८७० मध्ये निसर्गशास्त्रज्ञ वॉलेसने ५०० पौंडांच्या पैजेवर तिथेच दृष्टिरेषा पाण्यापासून बरीच वर उचलली, मध्ये तिसरी खूण लावली, आणि ती वर आलेली दाखवली. सहा मैलांना मधली खूण किती वर यावी याचा हिशेब, हवेचा परिणाम सोडून, १.८ मीटर येतो.

आमची मांडणी त्याच धर्तीवर, मिरजेच्या पूर्वेकडच्या माळावर. ऊस आणि मांडव आड येणार नाहीत असा पट्टा शोधणं हेच निम्मं काम. १ किमीला मधली खूण फक्त २ सेमी वर येते आणि साध्या लेव्हलिंगची (उंचीच्या मोजणीची) चालणारी चूकच किलोमीटरला १२ मिमी. म्हणून ३ किमी. इथे अपेक्षा १७.७ सेमी, लेव्हलिंगची चूक (१२ गुणिले किलोमीटरचं वर्गमूळ) २१ मिमी. खुणांची उंची ऑटो लेव्हलने (समपातळी दाखवणाऱ्या दुर्बिणीने), मागची-पुढची दृष्टी ५० मीटरच्या आत आणि समान ठेवून. रेषा जमिनीपासून ३ मीटर वर. पाट्या लाल-पांढऱ्या, मधलीचा पट्टा सरकता.

लेसर पॉइंटर आणू नये. त्याचा झोत किलोमीटरला सुमारे मीटरभर पसरतो, त्याचा मध्य कोण ठरवणार? आणि रस्त्यावरच्या माणसाच्या डोळ्यांत जाण्याचा धोका वेगळाच.

एकाच दिवसातली वाचनं: सूर्योदयाच्या सुमारास मधली खूण ४ सेमी वर. साडेदहाला १५ सेमी. दुपारी एकला वाचता येईना, पाट्या लाटांसारख्या हलत होत्या.

तीच पृथ्वी, त्याच पाट्या. हवेत प्रकाश किती वाकतो ते तापमान उंचीबरोबर कसं बदलतं यावर ठरतं. डिप्लोमाच्या सर्व्हेइंगमध्ये वक्रतेची दुरुस्ती ०.०७८५ आणि वक्रीभवन धरून ०.०६७३ (अंतर किमीत, वर्ग करून गुणायचं, उत्तर मीटरमध्ये) पाठ केलेली असते. दोन्हींतला फरक, म्हणजे सुमारे सातवा हिस्सा, ही सरासरी दिवसाची हवा. पहाटे जमीन थंड, वरची हवा उबदार. सांगलीच्या उंचीवर, १५ अंशाला, मीटरमागे सुमारे ०.१४ अंश वाढ असली की किरण पृथ्वीच्या गोलाईइतकाच वाकतो आणि माळ सपाट ‘सिद्ध’ होतो. उलट, वर जाताना १०० मीटरला ३.४ अंश घट असली की किरण हवेतही सरळ जातो. त्याहून जास्त घट झाली की तो वरच्या बाजूला वळतो, दुपारचं मृगजळ त्याचंच.

अंगभूत वळण असतं तर घड्याळ बघून ते बदललं नसतं. थर्मामीटरची एक जोडी, ०.५ आणि ३ मीटरवर सावलीत, हाच या प्रयोगाचा खरा साक्षीदार. ती नसेल तर वाचनं घेऊ नयेत.

हवाच काढून टाकायची असेल तर मोठी निर्वात नळी लागते. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याला होणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेच्या भुजा ४ किमीच्या आहेत. एका टोकाच्या समपातळीत सरळ निघालेली रेषा दुसऱ्या टोकाला पृथ्वीच्या पृष्ठापासून १.२६ मीटर वर असते. बांधकाम पाण्याच्या पातळीने करत गेलं तर झोत नळीच्या भिंतीत जाईल.

१९ जानेवारी

ओळंबा आणि पडणारी वस्तू. गवंड्याचा ओळंबा पृथ्वीच्या केंद्राकडे बघत नाही. पृथ्वी फिरते आणि चपटी आहे, म्हणून सांगलीच्या अक्षांशावर (१६.८५° उत्तर) ही दिशा केंद्रापासून सुमारे १२ किमी बाजूने जाते. डोंगरही ओळंबा ओढतात. कालियानपूर आणि हिमालयाजवळचं कलियाना यांच्यातलं अक्षांशांचं अंतर जमिनीवरच्या सर्वेक्षणातून आणि ताऱ्यांवरून काढलं, तेव्हा दोन्हींत ५.२३६ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) फरक निघाला. प्रॅटने १८५५ मध्ये हिमालयाच्या ओढीचा हिशेब केला तो १५.८८५. आकडा तिप्पट आला म्हणून कोणी वळणशक्ती काढली नाही. डोंगराखालचा खडक हलका असला पाहिजे हे त्यातून पुढे आलं.

सोडलेली गोटी ओळंब्याच्या पूर्वेला पडते, ही टिपणातली सर्वांत चांगली निवड. पण तिचा आकडा नेहमीच्या यामिकीतून येतो: २० मीटर उंचीवरून इथे १.९ मिमी. राइखने १८३१ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या खाणीत १५८ मीटरवर २८ मिमी मोजले. त्या अक्षांशाचा हिशेब २७.६. दिशा पूर्व, प्रमाण वेळेच्या घनात. अंगभूत वळणाला पूर्व का आवडावी?

आम्ही हा प्रयोग करत नाही. सोडताना बाजूला सेकंदाला १ मिमी वेग गेला तरी खाली २ मिमी फरक पडतो, म्हणजे मोजायचं तेवढंच. बोटांनी सोडून चालत नाही, दोरा जाळून सोडावं लागतं. वारा तर आहेच.

२६ जानेवारी

प्रकाशाच्या वळणाला आकडा मिळत नसल्याने आम्हीच मर्यादा काढली. प्रकाश ठरावीक त्रिज्येच्या वर्तुळात जात असेल तर तो व्यासापलीकडे पोचूच शकत नाही. त्रिज्या १ लाख किमी असती तर चंद्र (३.८४ लाख किमी) दिसला नसता. देवयानी दीर्घिका सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे आणि अंधाऱ्या रात्री नुसत्या डोळ्यांनी दिसते. म्हणजे त्रिज्या किमान साडेबारा लाख प्रकाशवर्षं. एवढ्या त्रिज्येला १ किमीत वळण ४ × १०⁻¹⁷ मीटर, प्रोटॉनच्या व्यासाचा चाळिसावा भाग. मिरजेच्या माळावर ते शोधण्यात अर्थ नाही.

लेखकांनी आइन्स्टाइनचा आधार घेतला आहे. तिथे मात्र आकडा आधी होता: सूर्याच्या कडेला १.७५ विकला, न्यूटनच्या नियमाने येणाऱ्या जुन्या हिशेबाच्या (०.८७) दुप्पट. २९ मे १९१९ च्या ग्रहणात सोब्राल आणि प्रिन्सिपी इथून तो तपासला गेला. दुसरा काही निघाला असता तर सिद्धांत अडचणीत आला असता.

२ फेब्रुवारी

वेगळं मत म्हणून कोणाला दारातून परत पाठवायचं नाही, हे पुन्हा वहीत लिहून ठेवलं. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ हॉइल यांच्यासोबत महास्फोट नाकारणारं, प्रवाहाविरुद्धचं विश्वशास्त्र अनेक वर्षं मांडलं, पण समीकरणांसह. त्यामुळेच १९६५ मध्ये सापडलेल्या, महास्फोटाचा पुरावा मानल्या जाणाऱ्या सूक्ष्मलहरी प्रारणाला त्यांना उत्तर द्यावं लागलं. अगदी कमी त्वरणाला न्यूटनचे नियम बदलणारी मिलग्रोमची १९८३ ची सुधारित गतिकी अजूनही वादात आहे. तिच्याकडे एकच आकडा आहे, १.२ × १०⁻¹⁰ मीटर प्रति सेकंद वर्ग. तो अनेक दीर्घिकांच्या फिरण्याला बसतो, दीर्घिकांच्या गुच्छांना अपुरा पडतो. तपासता येतं ते असं.

आंधळी चाचणी कशी करावी याचा नमुना घरचाच आहे. साताऱ्याचे नरेंद्र दाभोलकर, नारळीकर आणि सहकाऱ्यांनी हुशार आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या, शंभर-शंभर कुंडल्या ज्योतिषांपुढे ठेवल्या. २७ जणांनी प्रत्येकी ४० पाहिल्या, बरोबर उत्तरं सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं तर ५०. आणि ब्लाँडलोच्या ‘एन-किरणां’चं प्रकरण: फ्रान्सच्या ब्लाँडलोला ‘सापडलेले’ हे किरण तपासायला गेलेल्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ वुडने १९०४ मध्ये अंधारात उपकरणातला प्रिझम गुपचूप काढून घेतला, निरीक्षकांना किरण दिसतच राहिले. यापुढे आमच्याकडे मधली पाटी सरकवणारा आणि वाचणारा एकमेकांचे आकडे बघणार नाहीत.

१६ फेब्रुवारी

सुधारित प्रस्ताव आला, यावेळी आकड्यासह: प्रकाश मळसूत्रासारखा जातो, त्रिज्या सुमारे अर्धा सेमी. देवयानीचा आक्षेप याला लागत नाही. (मळसूत्र म्हटलं की अक्ष आला, आणि अक्ष सरळच. ते असो.)

मांडणी: ६५० नॅनोमीटरचा लाल लेसर, १ मिमीची दोन छिद्रं, २ मीटरचा बाक, शेवटी पांढरा कागद. दुसरं छिद्र २० सेमीपासून शेवटपर्यंत सलग सरकवायचं. टप्प्याटप्प्याने सरकवलं तर मळसूत्राचा आटा टप्प्याएवढाच असण्याची पळवाट राहते. प्रकाशाचे सगळे कण एकाच कलेत (फेऱ्याच्या एकाच टप्प्यावर) असतील तर ठिपका १० मिमीच्या वर्तुळात भटकेल, कला मिसळलेल्या असतील तर १० मिमी व्यासाचं कडं दिसेल.

दिसलं ते: मधला ठिपका जागेवर, भोवती फिकट वलयं, पहिलं काळं वलय २ मीटरवर १.६ मिमी त्रिज्येचं. हे विवर्तन, म्हणजे छिद्रातून जाताना तरंगांचं पसरणं, आहे, आणि आकडा तरंगांच्या हिशेबाशी जुळतो (१.२२ × तरंगलांबी × अंतर ÷ छिद्राचा व्यास). छिद्र आणखी बारीक करून किरण ‘नेमका’ करू पाहिला तर तो उलट जास्त पसरतो: अर्ध्या मिमीला ३.२ मिमी. त्यामुळे या बाकावर १ मिमीपेक्षा लहान त्रिज्येच्या मळसूत्राबद्दल काही बोलता येणार नाही. तसं लेखकांना कळवलं, आणि आट्याची लांबी मागवली आहे. ती मिलिमीटरमध्ये, चुकीच्या मर्यादेसह.